इम्युनिटीचा डबा आणि नळाचं पाणी

पोस्ट मोठी आहे. रविवारच्या शिबिराला जायच्या आधी वाचलीत तर बरं. काही जणांना राग येणार, त्यातले दोघे-तिघे माझे रोजचे चहावाले मित्र आहेत. तरी लिहितोय, कारण या प्रकरणात माझे स्वतःचे हातही फार स्वच्छ नाहीत. ते पुढे सांगतोच.

आनंदनगरच्या नाक्यावरचा बॅनर सगळ्यांनी पाहिलाच असेल. वरच्या ओळीत नेहमीचे गोल गोल चेहरे, खाली हात जोडलेले भाऊ, आणि मधोमध "भव्य रोगप्रतिकारशक्ती शिबिर, प्रत्येक कुटुंबासाठी झिंक इम्युनिटी किट". बाजारभाव 850, आपल्या लाडक्या नागरिकांना 499. सोसायट्यांनी यादी आणि पैसे एकत्र द्यायचे. आमच्या सोसायटीत 64 घरं. कमिटीच्या ग्रुपवर परवा रात्री साडेअकराला ठराव पडला की हे पैसे पुढच्या मेंटेनन्समध्ये धरावेत. सकाळपर्यंत 41 अंगठे. हिशेब करा, 31 हजार 936 रुपये. लिफ्टच्या दुरुस्तीला 18 हजार काढायचे होते तेव्हा याच ग्रुपवर तीन महिने महाभारत चाललं होतं.

आता दुसरी गोष्ट, जी बॅनरवर नाही. बॅनर लागला त्याच पंधरवड्यात मागच्या चाळींतली लहान पोरं जुलाबाने आडवी झाली आहेत. पाणी आलं की पहिली दहा मिनिटं गढूळ येतं, वास मारतं, मग हळूहळू निवळतं. बायका ती दहा मिनिटं सोडून देतात आणि मग हंडे भरतात. माझ्या काउंटरवर रोज संध्याकाळी पाच-सहा जण येतात. "दादा, जुलाब थांबवायची गोळी द्या. पोराला द्यायचीय." मी म्हणतो, ती गोळी लहान मुलांना द्यायची नसते. मग ते माझ्याकडे असं बघतात जणू मी माल लपवून ठेवलाय.

हो, मी मेडिकलवाला आहे. एकोणीस वर्षं काउंटरवर उभा आहे. झिंकविरुद्ध बोलणारा मी कोण, असं कोणी विचारण्याआधी मीच सांगतो, की 2020 आणि 2021 मध्ये या भागात झिंक विकणाऱ्यांत मी पुढे होतो.

आठवतंय ना ते दिवस? व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी मिळत नव्हती. दुकानाच्या शटरला मी दोरी बांधली होती, लोक दोरीच्या पलीकडून मोबाइल दाखवायचे. मोबाइलवर कुठल्या तरी डॉक्टरच्या नावाने फिरणारी यादी. आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक 50, सी, डी. ताप नसलेली माणसंही घेऊन जायची. घरात पाच माणसं तर पाच जणांचा कोर्स. मी दिलं. प्रत्येकाला दिलं. माल संपला की उल्हासनगरहून मागवून दिलं. त्या यादीत डॉक्सी आणि झिंक एकाच वेळी घ्यायला लिहिलेलं असायचं. आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं की ही दोन औषधं पोटात एकमेकांना धरून बसतात, अँटिबायोटिक रक्तात कमी उतरतं, मधे काही तासांचं अंतर ठेवावं. मी किती जणांना ते सांगितलं? गर्दी होती. नाही सांगितलं.

पुढे काय झालं ते फार कमी लोकांच्या लक्षात राहिलं. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरीच उपचार घेणारे कोविडचे 214 रुग्ण, काहींना झिंक 50 मिलिग्रॅम, काहींना व्हिटॅमिन सीचा जबर डोस, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. लक्षणं लवकर गेली का? लक्षात येईल एवढा फरक पडला नाही. शेवटी चालू ठेवण्यात अर्थ नाही म्हणून तो अभ्यास मधेच थांबवला. आणि मे 2021 च्या अखेरीस, आपल्याकडची दुसरी लाट ओसरत असताना, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सौम्य रुग्णांच्या यादीतून आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन सगळं काढून टाकलं. सरकारी कागदावरून झिंक गेलं. आपल्या डोक्यातून गेलं नाही, आणि आता ते बॅनरवर आलंय.

माझी मोठी मावशी कॅम्प 4 ला राहते. तिला कोविड झाला नव्हता. पण भाचा मेडिकलवाला, म्हणून तिने झिंक 50 ची कॅप्सूल सुरू केली आणि जोडीला मल्टिव्हिटॅमिन. दर महिन्याला पाकीट मीच पोचवायचो. पैसेही घ्यायचो नाही, म्हणजे प्रेमाने. असं दोन वर्षांहून जास्त चाललं. मग तिला दम लागायला लागला, पायाला मुंग्या, चालताना तोल जायचा. हिमोग्लोबिन उतरलेलं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, काही फरक नाही. मग रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशीही कमी दिसल्या आणि घरात सगळ्यांचा चेहरा उतरला. रक्ताच्या डॉक्टरांनी तिला एकच साधा प्रश्न विचारला, जो आधी कोणी विचारला नव्हता. "आजी, तुम्ही रोज काय काय घेता? सगळं आणून दाखवा." पिशवी उघडली तर माझ्याच दुकानाचं पाकीट.

झिंक जास्त झालं की शरीर तांबं शोषून घेत नाही. तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, नसा दुखावतात. पांढऱ्या पेशी म्हणजेच ती बॅनरवरची रोगप्रतिकारशक्ती. ती वाढावी म्हणून मावशी जी गोळी घेत होती तिनेच ती खाली आणली होती. झिंक बंद केलं, तांब्याची गोळी दिली, दोन-अडीच महिन्यांत रक्त सुधारलं. पायाच्या मुंग्या अजून आहेत. मला ती काही बोलली नाही. अजूनही दिवाळीला डबा पाठवते, हे जास्त लागतं.

म्हणून मी भाऊंच्या कार्यकर्त्याकडून नमुन्याचं किट मागून घेतलं आणि दुकानात बसून लेबलं वाचली. तीन वस्तू आहेत. चघळायची झिंक गोळी, 25 मिलिग्रॅम. मल्टिव्हिटॅमिन, त्यात झिंक 12. आणि पाण्यात टाकायची संत्र्याच्या चवीची पुडी, त्यात 10. तिन्ही रोज एकेक. बेरीज 47. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये भारतीयांसाठी जी रोजची गरज ठरवली ती पुरुषाला 17 मिलिग्रॅम आणि बाईला 13.2. जेवणातलं धरून. रोज किती जाऊ नये याची मर्यादा मोठ्या माणसाला 40. म्हणजे सुटी सुटी पाहिली तर एकेक वस्तू मर्यादेच्या आत, आणि किट म्हणून घेतलं की मर्यादेच्या बाहेर. वर जेवण आहेच. आणि खोक्यावर लिहिलंय "संपूर्ण कुटुंबासाठी". चार ते आठ वर्षांच्या मुलाला नेहमीसाठी धरलेली वरची मर्यादा 12 मिलिग्रॅम आहे हो. त्याला संत्र्याची पुडी आवडणार, तो दोन पिणार.

त्याच खोक्याच्या मागे बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ आहे, औषधी वापरासाठी नाही. ही ओळ कंपनीने प्रामाणिकपणे लिहिलेली नाही. या प्रकारच्या मालावर ती छापावीच लागते, कारण हा माल औषध म्हणून विकलाच जात नाही, अन्न म्हणून विकला जातो. मग तो आरोग्य शिबिरात, स्टेथोस्कोप लावलेल्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर काय करतोय?

"झिंकने सर्दी लवकर बरी होते, मी स्वतः अनुभवलंय," असं ग्रुपवर आमचे एक काका म्हणाले. काका, सर्दी तशीही बरी होते. पण तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते लपवणार नाही. कोक्रेन नावाची संस्था जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते. त्यांनी 2024 मध्ये सर्दी आणि झिंकचे 34 अभ्यास तपासले. सर्दी होऊ नये म्हणून झिंक घेतल्याचा फायदा जवळपास दिसत नाही. सर्दी झाल्यावर घेतलं तर ती साधारण दोन दिवस कमी टिकत असेल, पण हेही पुरावे कच्चे आहेत असं त्यांनीच म्हटलंय, आणि मळमळ, तोंडाची चव जाणं वगैरे त्रास होतात. कच्च्या पुराव्यावरचे दोन दिवस, तेही सर्दीतले. यासाठी सहा महिने अख्ख्या घराने डबा खायचा?

आता कोणी असं समजू नका की मी झिंकला शिव्या देतोय. झिंक म्हणजे आपलं जस्त. आपल्यापैकी निम्मे लोक ज्या पत्र्याखाली राहतात त्या पत्र्यावर तेच चढवलेलं असतं. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जस्त चढवलेला पाइप वेल्डिंग करणाऱ्या पोरांना विचारा, धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. तेही जस्तच. धातू वाईट नाही, तो कुठे, किती आणि कोणाच्या पोटात जातो यावर सगळं आहे.

माणसाला जस्त लागतं हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं ते डॉक्टर आपल्याच देशातले, बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद. 1958 मध्ये ते इराणमध्ये शिराझला होते. त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. खायचा काय, तर भाकरीसारखी रोटी, आणि वर माती. तिथून धागा लागला. जग लगेच मानायला तयार नव्हतं. अमेरिकेने झिंकला रोजच्या आहारातल्या आवश्यक गोष्टींच्या यादीत घातलं ते 1974 साली.

त्या रोटीची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. धान्यात आणि डाळीत जस्त असतं, पण त्याला धरून ठेवणारा एक पदार्थही असतो, फायटेट, म्हणून ते पूर्ण अंगी लागत नाही. मोड आणले, आंबवलं की हा पदार्थ कमी होतो. मोडाची मटकी, घावन-आंबोळीचं आंबवलेलं पीठ हे आपल्या आज्यांनी कुठल्या शिबिरात शिकलेलं नव्हतं. तीळ, शेंगदाणे, चणे, अंडी, मटण, खेकडे, सगळ्यांत जस्त. कालवांत तर सगळ्यात जास्त. ज्याच्या ताटात यातलं काही येतं त्याला डब्याची गरज सहसा पडत नाही. ज्याच्या ताटात येत नाही त्याच्याकडे 499 नाहीत. केंद्र सरकारच्या 2016 ते 18 च्या पोषण सर्वेक्षणात देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी 19 टक्के आणि किशोरवयीनांपैकी 32 टक्के मुलांत झिंक कमी सापडलं होतं. शिबिराच्या यादीत सोसायट्यांची नावं आहेत, मागच्या चाळींची नाहीत. मी यादी पाहिली आहे.

आणि आता मुद्द्याचं. मागच्या चाळीतल्या त्या जुलाब झालेल्या पोराला झिंक खरंच लागतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ 2004 पासून सांगताहेत, जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस द्या आणि बरोबर झिंक द्या. आपल्या सरकारचा कार्यक्रमही हेच सांगतो. सहा महिने ते पाच वर्षं, रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमच्यात पाणी किंवा आईचं दूध घेऊन विरघळवायची आणि पाजायची. चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण, कारण आतड्याची झीज भरून यायला वेळ लागतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब व्हायची शक्यता त्याने कमी होते. हे चौदा दिवसांचं औषध आहे, सहा महिन्यांचा खुराक नाही, म्हणून डोस जास्त असला तरी चालतो. ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. आशाताईंकडे, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळायला हवी, आणि विकत घेतली तरी अख्खा कोर्स त्या 499 मध्ये कितीतरी वेळा बसतो.

आणि मिळते किती पोरांना? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जुलाब झालेल्या मुलांपैकी देशभरात सुमारे 61 टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं आणि झिंक फक्त 30 टक्क्यांच्या आसपास. माझ्या काउंटरवर गेल्या पंधरा दिवसांत झिंक मागणाऱ्या आया किती आल्या ते सांगतो. एक. ती अंगणवाडीत मदतनीस आहे.

ओआरएसचीही तीच गत. ओआरएस नाव लावलेली गोड सरबतं आम्ही सर्रास विकायचो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं त्याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव असं लावायला बंदी केली. एक बाई एका शब्दासाठी एवढी झगडली. आपल्याला निदान लेबल वाचायला हरकत नाही.

माझा खरा राग "इम्युनिटी" या शब्दावर आहे. तुझी इम्युनिटी कमी म्हणून तू आजारी पडलास. म्हणजे चूक तुझी, तुझ्या रक्ताची. पाण्याची नाही, गटाराची नाही, हवेची नाही. 2014 च्या नोव्हेंबरअखेर रात्री वालधुनीत टँकरने केमिकल ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं श्वास कोंडून दवाखान्यात गेली. त्यांची इम्युनिटी कमी होती का? दुसऱ्या वर्षी हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावरून कोट्यवधींचा दंड सुनावला, तो काय लोकांनी गोळ्या खाल्ल्या नाहीत म्हणून?

चाळीतलं पाणी का नासतं हे गुपित नाही. नळ दिवसातून ठरावीक वेळ येतो. उरलेला वेळ पाइप रिकामा. पाइपला जिथे गळती असते तिथे शेजारचं गटार असतं, रिकामा पाइप ते ओढून घेतो, आणि पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं तेच बाहेर येतं. वर आपण, हो आपणच, लाइनला थेट मोटर लावतो, म्हणजे ओढ आणखी वाढते. आमच्या सोसायटीतल्या 64 घरांत अशा किती मोटरी आहेत ते मला माहीत आहे, कारण पाणी कमी आलं की भांडण माझ्या दुकानासमोर होतं. मी तक्रार अर्ज तीनदा दिला. पोच आहे. पुढे काही नाही. भाऊंना पोचेची झेरॉक्स दाखवली तर म्हणाले, "बघू, आधी शिबिर होऊ द्या."

नको. शिबिर नंतर होऊ द्या.

कोणी म्हणेल, भाऊ चांगल्या मनाने करताहेत, स्वस्तात देताहेत, तुझं काय जातं? माझं खरं तर काहीच जात नाही. उलट किट वाटल्यावर लोकांना सवय लागेल, दोन महिन्यांनी डबा संपेल, आणि मग ते माझ्याकडेच येतील. धंद्याच्या दृष्टीने मी गप्प बसायला हवं होतं. मावशीचा डबा दर दिवाळीला येतो म्हणून गप्प बसवत नाही.

शनिवारी रात्री नऊला सोसायटीची मीटिंग आहे. मी ठराव मांडतोय की किटची यादी द्यायची नाही. त्या 32 हजारांत खालची आणि गच्चीवरची टाकी धुऊन निर्जंतुक करून घ्यायची, थेट लावलेल्या मोटरी काढायच्या आणि उरलेल्या पैशांतून मागच्या चाळींतल्या पाच वर्षांखालच्या पोरांसाठी ओआरएसची पाकिटं आणि चौदा गोळ्यांची झिंक पाकिटं घेऊन आशाताईंच्या हातात द्यायची. माझ्या दुकानातून नको, दुसऱ्या कुठूनही घ्या, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरी येतो म्हणालेत.

तोपर्यंत एवढं करा. पोराचे डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं, पाजलेलं काहीच पोटात टिकेना, तर माझ्या किंवा कुठल्याच मेडिकलवर येऊ नका, थेट छाया रुग्णालय गाठा. आणि ज्यांच्या घरात कोविडच्या वेळची झिंक 50 ची पाकिटं अजून चालू आहेत त्यांनी ती डॉक्टरांना नेऊन दाखवा. माझ्या दुकानाचं पाकीट असलं तरी दाखवा.

मीटिंगला मी ओटी टेस्टचा डबा आणतोय. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, शेवटच्या नळाला निदान 0.2 पीपीएम असायला हवं. आधी आपल्या टाकीचं पाणी, मग चाळीतल्या नळाचं, सगळ्यांसमोर. टाकीची चावी पाटील काकांकडे आहे, त्यांना कोणीतरी आठवण करा.